मुळशी ते कार्ले: एक दिवस, दोन हजार वर्षं

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा निवडा. पावसाचा जोर ओसरलेला असतो, धरणं काठोकाठ भरलेली असतात, भात पोटरीत आलेलं असतं आणि कड्यांवर सोनकी फुललेली असते. सकाळी सहाला पुण्याचा चांदणी चौक सोडा, पिरंगुट मागे टाका, पौडला मिसळ खा आणि मुळशीच्या रस्त्याला लागा. आजचा बेत साधा आहे. मुळशीचा तलाव, तिथून घाटमाथ्याने लोणावळा, वाटेत कुरवंडे, भुशी, वळवण आणि संध्याकाळी कार्ल्याची लेणी. पुणे-मुंबईची हजारो माणसं हीच सहल करतात.

तुमच्या सहलीला मात्र एक नियम आहे. पाण्यापाशी थांबून इंजिन बंद केलंत की ते पाणी अडवण्यापूर्वीचं साल सुरू होईल. तुम्हाला सगळं दिसेल, ऐकू येईल. मधे पडता येणार नाही आणि फोटोही निघणार नाही.

मुळशी, १९२१

धरण मागे पडतं आणि रस्ता तलावाच्या कडेकडेने वळणं घेऊ लागतो. पलीकडे ढगांत अर्धा बुडालेला डोंगर, अलीकडे हॉटेलांच्या पाट्या. गाडी बाजूला घ्या. इंजिन थांबतं तसं पाणी उतरायला लागतं. आधी काठाला तांबड्या मातीचा उघडा पट्टा दिसतो, मग खोडांचे बुंधे, मग बांध, मग एकाखाली एक उतरत गेलेली भातखाचरं. तळाशी नदी दिसते, सहज ओलांडता येईल एवढी. गवताने शाकारलेली घरं, देवळापुढचा पार, आंब्याची झाडं. तारीख आहे १६ एप्रिल १९२१, रामनवमी.

जवळच्या वाफ्यात एक बाई राबाची तयारी करते आहे. खाली शेणाचा थर, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचं कवळ, मग गवत आणि पालापाचोळा, सगळ्यात वर बारीक मातीचा हात. वारा ज्या अंगाने येतो त्याच्या समोरच्या अंगाने ती राब पेटवते, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत धुमसत पुढे सरकते. तणाचं बी जळतं, जमीन भाजून निघते. पाऊस तोंडावर आला की याच राखेत भाताचं बी पडणार. हे खोरं आंबेमोहोरासाठी नावाजलेलं आहे. भात शिजला की शेजारच्या घरी कळतं.

पण आज गावात पुरुषमाणूस दिसत नाही. सगळे धरणाच्या जागेकडे निघालेत. तुम्हीही चला. तिथे टाटांच्या कंपनीचं काम चालू आहे आणि हजाराच्या वर मावळे येऊन त्या कामावर बसकण मारतात. हातात शस्त्र नाही. घोषणा एकच आहे, ‘जान किंवा जमीन’. काम थांबतं.

ही माणसं कशासाठी बसली आहेत ते नीट ऐका. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी आहे. त्यासाठी निळा-मुळा अडवायची आणि पन्नासेक गावं पाण्याखाली घालायची. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा हाताशी असल्यामुळे सरकारने जमीन घेऊन कंपनीला द्यायची, एवढं पुरे होतं. मोबदला मिळणार होता, पण तो सातबारावर नाव असलेल्याला. मावळातल्या कितीतरी जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्याच नावावर चढलेल्या. धरण झालं तर सावकाराच्या हातात रोकड येणार होती आणि कसणाऱ्याच्या पायाखालची जमीन जाणार होती. त्यामुळे लढ्यात दोन सूर होते. एकाला जमीन हवी होती, दुसऱ्याला चांगला भाव. बोलणी पुढे गेली तसा दुसरा सूर चढत गेला.

पारनेरचे पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे पुढारी झाले आणि इथूनच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. टाटांनी कायद्यावर बोट ठेवण्यापेक्षा लोकांशी बोलावं, असं गांधीजींनीही ‘यंग इंडिया’त लिहिलं. काही महिने काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. बायका, पोरं, म्हातारी माणसं तुरुंगात गेली. लढा मोडत आला तेव्हा, १९२४ च्या अखेरीस, बापटांनी कामगारांची गाडी अडवून गोळी चालवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. अहिंसक सत्याग्रहाचा शेवट असा पिस्तुलाने झाला. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

गाडी सुरू करा. पाणी परत चढेल, बांध झाकले जातील. राबाचा धूर तेवढा काही वेळ नाकात राहील.

कुरवंडे, १६६१

ताम्हिणीच्या अलीकडे लोणावळ्याचा फाटा फुटतो. घाटमाथ्यावरचा हा रस्ता आजच्या दिवसातला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात खड्ड्यांचा. डाव्या हाताला अधूनमधून जमीन संपते आणि खाली कोकण दिसतं. पुढे कोराईगड लागतो. मग टायगर पॉइंट, तिथे कांदाभजी, भाजलेली कणसं आणि गाड्यांची रांग. तिथे फार रेंगाळू नका. लोणावळ्याजवळून कुरवंड्याच्या रस्त्याला वळा आणि नागफणीच्या अलीकडे थांबा.

इथलं पाणी म्हणजे एक ओहळ. इंद्रायणी याच परिसरात उगम पावते. जरा पुढे कड्याच्या तोंडाशी जा, म्हणजे सह्याद्रीचं गणित डोळ्यांपुढे येईल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा डोंगर झाला. त्याची पश्चिम बाजू सरळ तुटलेली आहे आणि पूर्वेची हळूहळू उतरत जाते. कड्यापलीकडे पडलेला पावसाचा थेंब अंबा नदीतून धरमतरच्या खाडीला आणि तिथून अरबी समुद्राला मिळतो. अलीकडे पडलेला थेंब इंद्रायणीतून देहू-आळंदीला जातो, पुढे भीमेतून पंढरपूर करून कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला. दोन्ही थेंबांमध्ये अंतर चार पावलांचं. मुळशीत काय घडलं आणि वळवणला काय घडेल, ते सगळं या चार पावलांत आहे.

आता साल बघा. २ फेब्रुवारी १६६१. कारतलबखानाची मोगल फौज हत्ती, घोडे, तोफा, खजिना घेऊन ही कुरवंड्याची वाट उतरते आहे. कोकणात गुपचूप उतरून शिवाजी महाराजांना गाठायचा त्याचा बेत आहे. वाट एवढी अरुंद की माणसामागे माणूस. वर उभे राहून तुम्ही बघताय, फौजेचं शेपूट अजून माथ्यावर आहे आणि तोंड खाली उंबरखिंडीच्या रानात शिरलंय. तिथे वारा नाही, पाणी नाही, दोन्ही अंगांना दाट झाडी.

मग झाडी जागी होते. पुढची वाट अडवली गेली आणि मागची बंद झाली. महाराज स्वतः तिथे आहेत. खानाबरोबर आलेली रायबाघन ही सरदारीण त्याला शहाणपणाचं सांगते, शरण जा. खान दूत पाठवतो. सामानसुमान आणि खजिना तिथेच टाकून जीव घेऊन जायची त्याला मुभा मिळते.

प्रतापगडापासून उंबरखिंडीपर्यंत पाहिलं तर या डोंगराने लढाईत नेहमी त्याला ओळखणाऱ्याची बाजू घेतली. पुढे रूळ आणि धरणं घेऊन आलेल्यांनी मात्र आधी त्याची मोजदाद केली, उंची मोजली, पाऊस मोजला, आणि मग कामाला हात घातला. त्यांच्यापुढे झाडीत लपून भागलं नसतं.

भुशी, १८६१

भुशीच्या पायऱ्यांवरून पावसाळ्यात पाणी वाहतं आणि त्यात बसायला झुंबड उडते. आता सप्टेंबरअखेर गर्दी बरीच कमी आहे. तरी पाण्यात उतरताना जपून. जून २०२४ मध्ये धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली होती.

हे धरण सहलीसाठी बांधलेलं नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ते आपल्या वाफेच्या इंजिनांसाठी बांधलं. घाट चढून धापा टाकत आलेल्या इंजिनाला वर आल्याबरोबर पाणी लागायचं. इंजिन बंद करा, म्हणजे तुमचं, आणि खंडाळ्याच्या दिशेने चालू लागा.

कड्यावर माणसं दोरांनी लोंबकळत आहेत. पहारीने भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची आणि वर ओढून घ्यायचं. १८५६ मध्ये सुरू झालेल्या या घाटाच्या कामावर आता, १८६१ मध्ये, एका वेळी ४२ हजारांवर मजूर आहेत. पंधरा-सोळा मैलांत १८०० फुटांवर चढ आणि २५ बोगदे. सगळ्यात तीव्र ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट चढण. वाटेत एका जागी डोंगराला वळसाच घालता येईना, म्हणून गाडीने थांबून उलट्या तोंडाने पुढे जायचं, अशी योजना अभियंता जेम्स बर्कली यांनी केली आहे.

इथे ज्यांच्याकडे कंत्राट आहे त्यांच्या तंबूत डोकावून बघा. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडलं नाही. जाणते व्यवस्थापक नेमून तिने काम तडीला नेलं. तंबूच्या पलीकडे मजुरांची पालं आहेत आणि तिथे पटकीची साथ आहे. बायका डोक्यावर पाट्या वाहताहेत, पोरं खडी फोडताहेत. यातल्या कुणाचंही नाव कागदावर नाही. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला होईल. त्या दिवशी पालं बहुधा दुसऱ्या कामावर गेलेली असतील.

पुण्याहून मुंबईला आगगाडीने जाताना आज आपण जे बोगदे हसतखेळत पार करतो, त्यांची किंमत या पालांमध्ये मोजली गेली.

वळवण, १९११

चिक्कीची दुकानं मागे टाकून वळवणला या. बांधाखालच्या झाडीत शिरण्याआधीच नियम लागू होतो आणि समोरचं पाणी नाहीसं होतं. ८ फेब्रुवारी १९११. गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क पायाचा दगड बसवताहेत. मंडप, पताका, पगड्या, टोप्या. जमशेटजी टाटांना जाऊन सात वर्षं झाली. त्यांची योजना मुलगा दोराबजी पुढे नेतो आहे. लक्षात घ्या, यातलं भांडवल इथल्याच संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी घातलेलं आहे. स्वदेशीच्या भराच्या त्या दिवसांत ही अभिमानाची गोष्ट होती, आणि ती खरी होती.

योजना कशी चालते ते चार वर्षं पुढे जाऊन पाहू. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तीन तलावांत मावळातला पाऊस साठवायचा. तो कालव्याने खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणायचा. तिथून लोखंडी नळांतून जवळजवळ ५३० मीटर सरळ खाली, खोपोलीला, सोडायचा. नळाच्या टोकाशी चाक आहे आणि चाकाच्या कडेला वाट्या बसवल्या आहेत. पाण्याची धार वाटीच्या मधोमध असलेल्या धारेवर आदळते, दुभंगते, दोन्ही बाजूंनी मागे फिरते आणि जाता जाता आपला सगळा जोर चाकाला देऊन जाते. ८ फेब्रुवारी १९१५ ला लॉर्ड विलिंग्डन कळ दाबतात आणि ही वीज मुंबईला निघते. गिरण्यांना कोळशावाचून वीज मिळते.

आणि पाणी? कुरवंड्याची ती चार पावलं आठवा. इंद्रायणीच्या खोऱ्यातलं जे पाणी देहू, आळंदी करत पूर्वेला जायचं, ते नळात शिरलं आणि कड्यापलीकडे पाताळगंगेला मिळालं. मुळशीचं पाणी असंच भिऱ्याहून कुंडलिकेत जातं. कोलाडला सकाळी रबरी बोटींतून जो खेळ चालतो, तो भिऱ्याहून सुटलेल्या याच पाण्यावर. पूर्वेला सोलापूरकडे दुष्काळ पडला की हे पाणी परत भीमेकडे वळवा, अशी मागणी होते. वीजही हवी आणि पाणीही हवं, हा वाद शंभर वर्षांत जुना झालेला नाही.

कार्ले, पहिलं शतक

साडेचारच्या आत कार्ल्याला पोहोचा. एकवीरेच्या पायऱ्या चढा. कोळी, आगरी, कायस्थ कुटुंबांची गर्दी, नारळ, हळदीकुंकू, कोंबडे. आईचं दर्शन घ्या आणि देवळाच्या मागच्या चैत्यगृहाकडे वळा. शेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. टाक्यात वाकून बघा आणि मान वर करा.

देऊळ दिसत नाही. छिन्नीचे घाव ऐकू येतात. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच दालन एकसंध दगडातून कोरून काढलेलं आहे. लेणं वरून खाली उतरत येतं. आधी छत पुरं होतं, मग खांब, शेवटी जमीन, त्यामुळे पाड बांधावी लागत नाही. छताला मात्र सागवानी कमानी बसवल्या आहेत. दगडाला त्यांचा काही आधार नको, पण लाकडी सभागृहाची सवय कारागिरांच्या हाताला आहे. त्या कमानी तुम्ही आजच्या काळातही पाहू शकता. त्याच आहेत, त्याच लाकडाच्या.

खांबाजवळ जा. ताज्या कोरलेल्या ब्राह्मी अक्षरांत अजून दगडाची पांढरी भुकटी आहे. धेनुकाकट गावच्या यवनाने हा खांब दिला. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याने दाराचं काम दिलं, आणि ते घडवणारा सामी नावाचा सुतार, त्याचंही नाव कोरलेलं आहे. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी तर अभिमानाने सांगतो की हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे. खालून बोरघाटाची वाट जाते. कल्याण आणि चौलच्या बंदरांतून माल वर येतो, त्यातला नफा इथे खांब होऊन उभा राहतो.

या लेण्यांतला आणखी एक लेख वाचा. नहपान राजाचा जावई ऋषभदत्त वळूरकाच्या, म्हणजे या लेण्यांतल्या, भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव देऊन टाकतो. गाव दिलं, हे कोरलं आहे. कुणी दिलं, कुणाला दिलं, हेही कोरलं आहे. करजिकच्या शेतकऱ्यांना विचारलं का, ही ओळ त्यात नाही.

तरीही कार्ल्याला दोन गोष्टींचं श्रेय द्यायला हवं. इथे सुताराचं नाव दात्यांच्या रांगेत आहे. आणि इथलं पाण्याचं टाकं हा आजच्या वाटेवरचा एकच साठा आहे, ज्याने कुणाचं शेत बुडवलं नाही. जेवढा कातळ फोडला तेवढंच पाणी साठलं, आणि जेवढी माणसं राहत होती तेवढ्यांना ते पुरलं.

परतीचा रस्ता, २०११

उजेड असतानाच खाली उतरा. लोहगडाची विंचूकाट्याची सोंड उजवीकडे दिसेल. त्याच्या पलीकडे पवनेचा जलाशय आहे, स्वातंत्र्यानंतर आपल्याच सरकारने बांधलेला, आणि तिथेही गावं उठली. द्रुतगती मार्गाने पुण्याकडे निघा. वाटेत बऊर लागेल. तिथे थांबायची सोय नाही, गरजही नाही, कारण हे साल फार लांबचं नाही. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी या रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती. मग त्या कामाला स्थगिती मिळाली.

आजच्या वाटेवर तुम्ही पाहिलेलं एकही तळं निसर्गाने दिलेलं नाही. प्रत्येक तळ्यामागे कुणाची तरी गरज होती, इंजिनाची, गिरणीची, शहराची, आणि त्या गरजा खोट्या नव्हत्या. खोटं एवढंच की त्यांचा जमाखर्च एकाच बाजूने लिहिला गेला. खोपोलीची कळ कुणी, कोणत्या तारखेला दाबली हे कुठल्याही पुस्तकात सापडतं. मुळशीच्या पाण्याखाली कोणकोणती गावं आहेत हे मात्र काठावरच्या पर्यटकाला कुणी सांगत नाही. रस्त्यावरून दिसणाऱ्या पाट्या रिसॉर्टच्या असतात.

म्हणून ही सहल जरूर करा, भजी खा, चिक्की घ्या, फोटो काढा. पण मुळशी, पवना, वळवण यांच्या काठावर बुडालेल्या गावांची नावं ठळक अक्षरांत लावा, अशी मागणी ग्रामपंचायतीकडे आणि धरणवाल्यांकडे करा. कार्ल्याच्या सुताराला दोन हजार वर्षांपूर्वी जो मान मिळाला, तो मावळातल्या शेतकऱ्याला द्यायला पाट्यांपलीकडे काही खर्च नाही.